दगडाच्या फोटोखाली दिव्याचा आकडाही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत अंधारात उजळणाऱ्या दगडांवर आलेला मजकूर वाचला आणि त्यासोबतचा अर्ध्या पानाचा फोटोही पाहिला. एकात एक वळसे घेतलेल्या पट्ट्यांचा दगड, त्यातले काही पट्टे भडक नारिंगी, एक कडा निळी, बाकी सगळा काळामिट्ट. फोटो देखणा होता, त्याबद्दल वाद नाही. खाली ओळ होती : ‘अतिनील प्रकाशात चमकणारे खनिज’. माझी तक्रार या चार शब्दांबद्दल आहे, कारण दिवा कुठल्या तरंगलांबीचा होता हा आकडाच त्यांत नाही, आणि मजकुरातल्या दोन विधानांबद्दल. पहिलं विधान असं, की चमकणारे पट्टे म्हणजे शुद्ध जस्त आणि काळे पट्टे म्हणजे त्यातली निर्जीव भेसळ. दुसरं असं, की अशा दगडांत रेडियमसारखे सुप्त किरण दडलेले असतात.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. माझं आयुष्य टीव्ही दुरुस्तीत गेलं, काचेच्या पिक्चर ट्यूबचा काळ संपेपर्यंत. दगडांचा नाद नंतर लागला. ट्यूबच्या काचेला आतून जी पूड फासलेली असते तोच पदार्थ खाणीतूनही निघतो, हे कळल्यावर गप्प बसवेना. तो पदार्थ म्हणजे झिंक सल्फाइड, जस्त आणि गंधक यांचं संयुग. खनिज म्हणून त्याचं नाव स्फॅलेराइट. रंगीत ट्यूबमधले निळे ठिपके झिंक सल्फाइडचे, त्यात किंचित चांदी. हिरवे ठिपकेही झिंक सल्फाइडचेच, त्यात तांबं आणि थोडं अॅल्युमिनियम. लाल ठिपक्यांचं रसायन वेगळं, त्यात इट्रियम आणि युरोपियम. कृष्णधवल ट्यूबच्या पांढऱ्या पडद्यातही झिंक सल्फाइड होतंच. थोडक्यात, दोन-तीन पिढ्यांनी बातम्या आणि क्रिकेट ज्या निळ्या-हिरव्या उजेडात पाहिलं, तो याच संयुगाचा उजेड होता.

आता ‘शुद्ध’ या शब्दाकडे येतो. निळ्या ठिपक्यातली चांदी दहा हजार भागांत एखादा भाग, इतकीच असते. तेवढी नसेल तर तो निळा मिळत नाही. म्हणजे उजेडाचा रंग जस्त ठरवत नाही, गंधकही ठरवत नाही. त्यांच्या अणूंच्या जाळीत, म्हणजे स्फटिकात, घुसलेला परका अणू ठरवतो. नैसर्गिक स्फॅलेराइटमध्ये नारिंगी उजेड दिसला, तर त्याचं नेहमीचं कारण मँगनीज. जस्ताच्या जागी मँगनीजचा अणू बसतो, ऊर्जा त्याच्यापर्यंत पोचते आणि तो ती पिवळ्या-नारिंगी प्रकाशाच्या रूपात परत देतो. निळ्या-हिरव्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिथे चांदी, तांबं, गॅलियम यांच्यासारख्या धातूंच्या जोड्या आणि स्फटिकातल्या रिकाम्या जागा, असे अनेक भागीदार असतात. नुसत्या रंगावरून ‘यात अमुक धातू आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पण इतकं नक्की, की चमकणारा पट्टा शुद्ध असल्यामुळे चमकत नाही. त्यात नेमकी योग्य अशुद्धी योग्य प्रमाणात असते आणि नको ती अशुद्धी नसते, म्हणून चमकतो.

नको ती अशुद्धी म्हणजे लोह. फॉस्फर, म्हणजे पडद्याची चमकणारी पूड, बनवणारे लोक लोह, निकेल आणि कोबाल्ट यांना ‘किलर’ म्हणत. दशलक्ष भागांत काही भाग लोह शिरलं तरी पडद्याची पूड मंद पडायची. भरलेल्या टाकीला तळाशी भोक असावं तसं ते आहे. दिव्याकडून घेतलेली ऊर्जा उजेड व्हायच्या आधीच लोहाच्या वाटेनं निसटते आणि उष्णता होऊन जाते. निसर्गात तर लोहाला आवर घालणारं कोणी नाही. जस्ताचे आणि लोहाचे अणू आकारानं जवळपास सारखे, त्यामुळे स्फॅलेराइटमध्ये लोह सहज शिरतं. काही नमुन्यांत ते वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त भरतं. लोह वाढत जातं तसा दगड मधाच्या रंगावरून तपकिरी आणि तपकिरीवरून काळा होत जातो. (गडद रंगाला दर वेळी लोहच जबाबदार असतं असंही नाही, काही खाणींत सेंद्रिय द्रव्यानंही पट्टे काळवंडतात.) तेव्हा दिव्याखाली काळा राहिलेला पट्टाही बहुतेक वेळा जस्ताचंच सल्फाइड असतो. कारखानदाराच्या दृष्टीनं त्यातही जस्त भरपूर असतं. त्याला निर्जीव म्हणणं अन्यायाचं आहे.

फोटोतला दगड पाहून मला वाटतं, तो जर्मन खाणकामगार ज्याला शालेनब्लेंड म्हणत आले त्या जातीचा असावा. त्यात स्फॅलेराइटचे पट्टे असतात, कधी त्याच्याच रसायनाचं पण वेगळ्या रचनेचं वुर्ट्झाइट असतं, मधे शिशाच्या सल्फाइडच्या, म्हणजे गॅलेनाच्या, करड्या चकचकीत रेषा असतात आणि लोहाच्या सल्फाइडचे, म्हणजे मार्कासाइट किंवा पायराइटचे, पितळी थर असतात. शेवटच्या तिघांना कुठल्याही दिव्याखाली धरा, काही होणार नाही. बहुतेक सल्फाइड खनिजं अशीच असतात. ती प्रकाश आत घेतात, पण त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनना वर उचलायला इतकी कमी ऊर्जा पुरते, की परत येताना दिसण्याजोगा उजेड पडतच नाही. स्फॅलेराइट या खानदानातला अपवाद आहे. सल्फाइड असून स्वच्छ असेल तेव्हा पारदर्शक, आणि प्रकाश फाकवण्यात हिऱ्याच्या तिपटीहून पुढे. फक्त मऊ. सुरीनं ओरखडा पडतो, म्हणून अंगठीत टिकत नाही.

शालेनब्लेंडचे नावाजलेले नमुने पोलंडमधल्या ओल्कुश भागातले, बेल्जियम-जर्मनी सीमेवरचे आणि जर्मनीतल्या वीसलॉखचे. ओल्कुशच्या पोमोझानी खाणीतलं काम २०२० च्या अखेरीस थांबलं. तिथे ट्रायासिक काळातल्या, म्हणजे वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या, डोलोमाइट खडकाच्या पोकळ्यांमध्ये गरम खारं पाणी शिरलं आणि त्यातून हे थर एकावर एक बसत गेले. अशा प्रकारच्या साठ्यांत पाणी साधारण ७५ ते २०० अंश सेल्सिअस तापमानाचं असतं, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट. ज्वालामुखी वगैरे काही नाही, जवळजवळ स्वयंपाकघरातलं तापमान म्हणावं इतकं. पाण्यात लोह वाढलं की एक पट्टा, घटलं की दुसरा. मँगनीज आलं, गेलं. कधी शिसं जास्त झालं आणि गॅलेनाची रेघ उमटली. पूर्वी असे गुळगुळीत वळसे बघून लोकांना वाटे, की हा मूळचा चिकट रस असावा आणि तो नंतर घट्ट झाला असावा. आता बहुतेक अभ्यासक मानतात, की पाण्यात माल ठासून भरलेला असल्यामुळे बारीक तंतूंसारखे स्फटिक झपाट्यानं वाढले आणि त्यातून हे वळसे तयार झाले.

म्हणजे काळ्या आणि उजळ पट्ट्यांचा क्रम हीच खरी नोंद आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागातल्या जस्ताच्या खाणींत अभ्यासकांनी स्फॅलेराइटमधल्या पट्ट्यांचा क्रम जुळवून पाहिला आहे. एका खाणीतला क्रम दूरच्या दुसऱ्या खाणीतही ओळखता येतो, कारण पाणी एकच होतं. त्यात फक्त उजळ पट्टे मोजले असते, तर हाती काय लागलं असतं?

मला सगळ्यात गंमत वाटते ती अभ्यासकांच्या एका यंत्राची. दगडाचा पातळ काप निर्वात डबीत ठेवायचा, त्यावर दहा-वीस हजार व्होल्टनं ढकललेले इलेक्ट्रॉन मारायचे आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. साध्या उजेडात एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यात मग आणखी बारीक पट्टे उमटतात. अहो, ही तर पिक्चर ट्यूब झाली! आमच्या रंगीत सेटच्या ट्यूबला साधारण पंचवीस हजार व्होल्ट लागत. फक्त पडद्याच्या जागी दगड.

आता मुख्य मुद्दा, दिव्याचा आकडा, म्हणजे त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी. ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात, मोजतात. ‘अतिनील प्रकाशात’ हे सांगणं म्हणजे रेडिओवर गाणं लागलं होतं एवढंच सांगून स्टेशन न सांगणं. बाजारात मिळणाऱ्या जांभळ्या टॉर्चवर बहुधा ३९५ नॅनोमीटर लिहिलेलं असतं. तिचा बराचसा उजेड डोळ्यांना दिसणारा जांभळाच असतो आणि त्या झोतात मंद चमक बुडून जाते. दगड जपणारे लोक वापरतात ती टॉर्च ३६५ नॅनोमीटरची, आणि तिच्या तोंडाला काळसर काच बसवलेली, जी दिसणारा प्रकाश अडवते. तिसरी जात २५४ नॅनोमीटरची, पाऱ्याच्या वाफेच्या नळीची. या तिन्ही दिव्यांखाली एकच दगड तीन वेगळे दगड वाटू शकतो.

याचं कारणही सांगण्यासारखं आहे. झिंक सल्फाइडच्या स्फटिकातला इलेक्ट्रॉन थेट वर उचलायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ३६५ च्या टॉर्चच्या प्रकाशाचा एक कण ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे थोडासा तोकडा. तो स्फटिकाला हलवू शकत नाही, पण परक्या अणूंच्या आणि दोषांच्या पायरीवरून काम साधतो. अगदी निर्दोष, निर्मळ स्फटिक त्या टॉर्चखाली गप्प बसेल. २५४ च्या दिव्याचा कण ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. तो वरच्या पातळ थरातच पुरता शोषला जातो आणि खेळ वेगळ्या तऱ्हेनं चालतो. चमकणारं स्फॅलेराइट बहुधा ३६५ ला जास्त खुलतं. उलट न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिलचं विलेमाइट, म्हणजे जस्ताचं सिलिकेट, २५४ ला हिरवंगार पेटतं आणि त्याच्या शेजारचं कॅल्साइट लाल. तिथल्या कमी लोहाच्या स्फॅलेराइटला मात्र ३६५ लागतो, मग त्यात नारिंगी आणि निळा असे दोन्ही रंग मिळतात. फ्रँकलिनची खाण १९५४ ला बंद झाली, स्टर्लिंग हिलची १९८६ ला. तिथल्या जस्त कंपनीनं अतिनील दिव्याचा उपयोग धातुक नीट वेगळं झालं की नाही हे तपासायला केला होता. तमाशा नंतरचा, आधी ते कामाचं हत्यार होतं.

फोटोतल्या निळ्या कडेबद्दल मला शंका आहे, तीही आकडा छापला नसल्यामुळेच. जस्ताच्या दगडाला हवा-पाणी लागून त्यावर हायड्रोझिंकाइटची पांढुरकी साय धरते आणि ती २५४ ला लखलखीत निळी दिसते. ते कार्बोनेट आहे, सल्फाइड नाही. सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर फसफसतं. दुसरी शक्यता सरळ डिंकाची. तुटलेले काप जोडायला वापरतात तो इपॉक्सी निळसर चमकतो. कपड्याचे तंतूही चमकतात, कारण कपडे धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात. दिवा ३६५ चा असेल तर हायड्रोझिंकाइटवरचा माझा संशय उतरेल आणि डिंकावरचा चढेल. २५४ चा असेल तर उलट. वाचकाला हा विचार करता यावा, यासाठी एक आकडा पुरेसा होता.

शिवाय कॅमेरा. मोबाइलचा कॅमेरा अंधारात आपोआप जास्त वेळ उघडा राहतो आणि रंगांची जुळणी स्वतःच करतो. माझ्याकडे ओल्कुशचा एक घासून गुळगुळीत केलेला काप आहे. फिल्टर लावलेल्या ३६५ खाली त्यातले दोन मधाळ पट्टे मंद नारिंगी दिसतात, इतके मंद की डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच दिसत नाही. त्याच कापाचा फोटो नातवानं मोबाइलवर काढला तर पेटलेली शेगडी दिसायला लागली. कॅमेऱ्यानं नसलेलं काही दाखवलं नाही, पण बघणाऱ्याच्या मनात जे ठसलं ते भलतंच. (मार्कासाइट असलेले असे काप दमट हवेत ठेवू नका, हेही जाता जाता सांगतो. त्याचं ऑक्सिडीकरण होतं, पांढरी भुकटी सुटते आणि सुटणारं आम्ल शेजारचा दगड आणि कागदी लेबल दोन्ही खातं.)

रेडियमचं म्हणाल, तर ती कथा नेमकी उलटी आहे. झिंक सल्फाइडची चमकणारी पूड थेओडोर सिदो या फ्रेंच रसायनज्ञानं १८६६ च्या सुमारास बनवली, तेव्हा रेडियमचा शोधही लागलेला नव्हता. पुढे १९०३ मध्ये विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञानं अशा पडद्याजवळ रेडियमचा कण ठेवला आणि भिंगातून बारीक ठिणग्या टिपल्या. १९०९ मध्ये रदरफर्ड या भौतिकशास्त्रज्ञाचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून सोन्याच्या पातळ पत्र्यावर आपटून मागे उसळलेले अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे जड कण) मोजत होते, तेही झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच. रदरफर्डनी मांडलेल्या अणुकेंद्राच्या कल्पनेमागे या ठिणग्या आहेत. या सगळ्यात किरण रेडियमचे आणि उजेड झिंक सल्फाइडचा. रात्री दिसणाऱ्या जुन्या घड्याळांचे काटेही असेच रंगवलेले असत. रेडियम अर्धं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात, तरी ते काटे काही वर्षांतच मंद पडत, कारण अल्फा कणांच्या माऱ्यानं झिंक सल्फाइडचा स्फटिक खराब होई. असं घड्याळ आज अंधारात दिसत नसलं तरी रेडियम त्यात आहेच. आणि दिव्याखाली चमकणाऱ्या स्फॅलेराइटमध्ये रेडियम असायचं काही कारण नाही. दिवा बंद केला की उजेड जातो, फार तर काही क्षण रेंगाळतो. सुप्त वगैरे काही नाही, जेवढं घेतलं त्यातलं थोडं परत दिलं.

दिव्याशिवाय उजेड हवाच असेल तर त्यालाही या खनिजाकडे उत्तर आहे. मँगनीज असलेलं काही स्फॅलेराइट गडद अंधारात टोकदार वस्तूनं खरवडलं तर नारिंगी-पिवळ्या ठिणग्या दिसतात. प्रत्येक दगड हे करत नाही. जो करतो तो मात्र बघणाऱ्याला खुर्चीतून उठवतो.

आकड्याचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपला मजकूर वाचून मुलं दिवा शोधणार. जंतू मारण्यासाठी मिळणाऱ्या नळ्या २५४ नॅनोमीटरच्या असतात आणि ‘अतिनील दिवा’ म्हणून त्याही हाती लागतात. त्यांच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. कातडीही भाजते. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत आहे. असा दिवा वापरायचाच असेल तर अतिनील अडवणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा, हातमोजे आणि मोठं माणूस सोबत हवं. ३६५ ची टॉर्चही डोळ्यांवर मारायची गोष्ट नाही, पण दोघींत फरक आहे. तो ओळखायची सोपी युक्ती अशी : दिवा आणि दगड यांच्या मधे खिडकीच्या साध्या काचेचा तुकडा धरा. २५४ ला काच अडवते, चमक विझते. ३६५ मधला बराचसा प्रकाश काचेतून जातो, चमक राहते. ही तपासणीही चष्मा घालूनच करायची.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वेळी असा फोटो छापताना त्याच दगडाचा दिवसाच्या उजेडातला छोटा फोटो शेजारी द्या, म्हणजे गॅलेनाच्या रेषा आणि तपकिरी पट्टेही लोकांना दिसतील. जागा नसेल तर तो गाळा, पण फोटोखालची ओळ अशी असू द्या : ‘पट्टेदार स्फॅलेराइट, ओल्कुश, पोलंड, दिवा ३६५ नॅनोमीटर, फिल्टरसह, कॅमेरा ८ सेकंद उघडा’. दगड कुठला, दिवा कुठला आणि कॅमेरा किती वेळ उघडा होता, हे छायाचित्रकाराला विचारलं की मिळतं. गेल्या फोटोबद्दलही त्याला विचारून आकडा छापलात, तर त्या निळ्या कडेचा निकाल आम्हा वाचकांना घरबसल्या लावता येईल.

आपला,
एक वाचक
(निवृत्त टीव्ही मेकॅनिक)